अर्धं पाकीट

"ताई, ह्यातली डोस्क्याची गोळी कंची हाय?"

लातूरच्या नाहीतर सोलापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवून कुणी हे विचारलं, की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "तेवढी सोडून बाकीच्या द्या." पित्ताची गोळी घेतात, कॅल्शियम घेतात, ताकदीच्या गोळ्या तर मागून घेतात. ज्या एका गोळीसाठी दोन एस.टी. बदलून, मजुरीचा दिवस बुडवून, फी भरून आलेले असतात, ती मागं राहते. थोडं धाडस असलेला माणूस अर्धं पाकीट कापून मागतो. "पाचच द्या. खाऊन बघतो, कसं वाटतंय."

पाच गोळ्यांत बरं वाटत नाही. नैराश्यावरच्या बहुतेक औषधांना गुण दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक पडायला सहा-आठ आठवडेही जातात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकं जड पडणं, घाम, आणि काहींना आधीच असलेली बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटणं. म्हणजे अर्धं पाकीट नेणारा माणूस औषधाचा त्रास तेवढा विकत घेतो आणि गुण यायच्या आत थांबतो. मग पारावर सांगतो, "मी खाल्ली की. मला गरम पडली." त्याचं ऐकून आणखी दोघंजण चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात.

मी सास्तूरला मेडिकल चालवते. डी. फार्म. झालेली, माहेर उमरग्याकडचं. ह्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांच्या समोर ठरतं असं शहरातल्या लोकांना वाटत असेल. आमच्याकडं ते काउंटरवर ठरतं, आणि एकदा ठरून भागत नाही, पाकीट संपलं की पुन्हा ठरतं. कोण परत आलं आणि कोण आलं नाही हे डॉक्टरांच्या आधी मला कळतं.

सास्तूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला भूकंप आठवतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून आलेली माणसं गाढ झोपलेली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली दगडमातीची घरं माळवदासकट अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. वाचलेल्यांच्या मनाची तपासणीसुद्धा तेव्हा झाली होती. तिचा अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आला. त्यात आघातानंतरचा ताण आणि नैराश्य हेच दोन आजार प्रामुख्यानं दिसले होते. गावात त्या तपासणीची आठवण कुणाला नाही. सासूबाईंच्या पिढीचं माणूस मात्र अजून चारच्या आत उठून बसतं. पुस्तकात पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं ठळक लक्षण म्हणून दिलेलं असतं. आमच्या गावात ते लक्षण धरतच नाहीत. चारला जाग येते? सगळ्यांनाच येते की.

त्यामुळं मला जाग यायला लागली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. २०२१ ची कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. त्या दिवसांत मेडिकल एक दिवसही बंद नव्हतं. फोनवर लोक ऑक्सिजन मागायचे, इंजेक्शन मागायचे, आणि मी 'नाही' म्हणायचे. लाट गेली, दुकान पुन्हा खोकल्या-तापाचं झालं, पण माझं मन काही पूर्ववत होईना. गिऱ्हाइकाचं बोलणं कानावर पडायचं, आत पोचायचं नाही. वहीतली बेरीज पुन्हा पुन्हा करायचे. पोरांचं आवरताना हात चालायचे आणि मनात एकच यायचं, की हे सगळं आता असंच चालणार. रडूबिडू येत नव्हतं. आलं असतं तर कदाचित मी लवकर गेले असते, कारण रडणाऱ्या बाईला डॉक्टरकडं नेण्याची तरी आपल्याकडं पद्धत आहे.

सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी एस्सिटॅलोप्राम लिहून दिलं. आधी काही दिवस अर्धी गोळी, मग पूर्ण. हेच औषध माझ्या मागच्या फळीवर खोक्यानं होतं. मी त्यातलं एक पाकीट काढून गल्ल्याच्या खणात ठेवलं आणि कित्येक दिवस तिथंच राहू दिलं.

औषधांच्या माहितीचा जो बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद असतो, तो आपल्याकडं प्रत्येक पाकिटाबरोबर येत नाही. दहा-पंधरा पाकिटांच्या खोक्यात एकच येतो. खोकं फोडलं की तो दुकानातच राहतो आणि पुड्या बांधायच्या कामी येतो. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याच्या हाती फक्त लाल रेघ असलेली चंदेरी पट्टी पडते. बाकीचं तो मोबाइलवर शोधतो, किंवा पारावर विचारतो. मी तो कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला तो स्वतःसाठी. वाचताना अंगावर काटा आला, हेही सांगते. एरवी तोच कागद मी शंभरदा हाताळला होता.

वाचण्याची एक रीत असते, ती शिकताना कळलेली होती, पण भीतीत आठवायला वेळ लागला. त्रासांच्या यादीत 'अगदी नेहमी' म्हणजे दहातल्या एकाहून जास्त जणांना, 'क्वचित' म्हणजे हजारातल्या एकाहूनही कमी जणांना. कागदावर दोन्हींची अक्षरं सारखीच असतात, त्यामुळं मळमळ आणि रक्तस्राव एकाच ओळीत शेजारी शेजारी बसल्यासारखे दिसतात. शिवाय औषधाच्या चाचण्यांत ज्यांना नुसती साखरेची गोळी दिली होती, त्यांच्यातही डोकं दुखल्याची आणि मळमळल्याची तक्रार करणारे भरपूर असतात. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मी एका बाजूला गोळीचे त्रास लिहिले. दुसऱ्या बाजूला न घेण्याचे लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं की ह्या आजाराचा असा कागद कुठल्याच खोक्यात येत नाही. झोप, भूक, वजन, इच्छा, चित्त, सगळ्याची त्यानंही वाट लावलेली असते, आणि तेही 'अगदी नेहमी'च्या रकान्यात. फक्त ते आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून त्याला कुणी साइड इफेक्ट म्हणत नाही.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. "गोळीनं माणूस बधिर होतंय बाई. आपलं दुःख आपल्यालाच कळंना होतंय. भूकंपाच्या टायमाला शेजारणीला दिल्या होत्या, ती दिवसभर भिताडाकडं बघत बसायची." मी त्यांना म्हटलं, त्या वेगळ्या गोळ्या असतील, गुंगीच्या. त्या म्हणाल्या, असतील. पण पटल्याचं काही दिसलं नाही.

ही गल्लत त्यांची एकट्याची नाही. तिचं मूळ आमच्याच फळीवर आहे. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेलं औषध आपल्या देशात धडाक्यानं खपतं. क्लोनाझेपाम हे शांत करणारं, झोप आणणारं औषध. त्याचा गुण त्याच रात्री दिसतो, आणि सवय लागते तीही त्याचीच. डॉक्टर ते बहुधा सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांसाठी देतात, दुसरं औषध लागू पडेपर्यंत. पण माणूस चिठ्ठी जपून ठेवतो आणि वर्षभर तेच मागत राहतो. मग एखाद्या दिवशी गोळी संपते, रात्रभर तळमळतो, हात थरथरतात, आणि गाव ठरवतं की नैराश्याच्या गोळीची सवय लागते. त्याच जातीची अल्प्राझोलाम, डायझेपाम ह्यांची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत ठेवावी लागते, ती उगाच नाही. नुसतं एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ह्यांची तशी तलफ लागत नाही. डोस वाढवत न्यावा असं मनात येत नाही. मात्र ती एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटिनचा जास्त, फ्लुओक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळतं म्हणून त्याचा कमी. हे व्यसन नाही, पण 'काहीच होत नाही' असं सांगणंही खरं नाही, आणि ते सांगणारे लोकही मी पाहिलेत.

गंमत अशी की ह्याच घराण्यातली औषधं दुसऱ्या नावानं गावात खुशाल खपतात. अमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी कंबरेची नस दबली म्हणून, अर्धशिशी म्हणून माणसं वर्षानुवर्षं खातात. साखरेच्या आजारानं तळपाय जळतात म्हणून ड्युलोक्सेटिन खातात. तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, सगळं सोसतात. त्यातल्या एका काकांना कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की ही डिप्रेशनची गोळी आहे. त्याच संध्याकाळी उरलेलं पाकीट परत आणून त्यांनी काउंटरवर आपटलं. "मी काय येडा हाय काय?" पायाची जळजळ थांबली होती, तरी.

मी अर्धी गोळी घेतली ती एका रविवारी, दुकान दुपारून बंद असतं म्हणून. पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटायचं, सारख्या जांभया यायच्या. जेवणानंतर घ्यायला लागले तेव्हा मळमळ कमी झाली. पुढं कधी तरी एका सकाळी माझ्या लक्षात आलं की बेरीज पहिल्याच फेरीत जुळली. मोठं काही झालं नाही. पारिजातकाचा सडा पडला, पाखरं गायला लागली, असलं तर काहीच नाही. हिशेब जुळला, पोराच्या डब्यात भाजी वेगळी घालावीशी वाटली, आणि चारला जाग आली तरी पुन्हा डोळा लागायला लागला.

त्याच पावसाळ्यात माझे वडील गेले. माहेरच्या अंगणात बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. दुःख होतं, ते कुठं आहे हेही कळत होतं, पण डोळ्यांपर्यंत येत नव्हतं. मावशी दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं. "बापाला रडंना बघ. सासरची झाली." सासूबाईंचं 'बधिर' मला त्या घडीला आठवलं. त्या सर्वस्वी चुकल्या नव्हत्या. भावना बोथट होणं हा ह्या औषधांचा खरा आणि बऱ्याच जणांना जाणवणारा परिणाम आहे, आणि तो मळमळीसारखा पंधरा दिवसांत निघून जाईलच असं नाही. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. डोस उतरवला. आणखी त्रास झाला तर औषध बदलू म्हणाल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी एका फालतू मालिकेतल्या म्हाताऱ्याच्या मरणावर मी पदर ओला होईपर्यंत रडले. आमचे हे घाबरून बाहेर जाऊन बसले.

तेव्हापासून काउंटरवरचं माझं बोलणं बदललं आहे. पूर्वी मी म्हणायचे, काही होत नाही हो, घ्या. सगळे दुकानदार असंच म्हणतात. आता आधीच सांगते: पहिला आठवडा पोट बिघडेल, जेवल्यावर घ्या, महिना काढल्याशिवाय निवाडा करू नका. ऐकून परत जाणारे असतात. पण ज्यांना आधी सांगितलेलं असतं ते मळमळ झाल्यावर दचकत नाहीत. "तुम्ही म्हणला होता तसंच व्हायलंय ताई," म्हणत दुसरं पाकीट न्यायला येतात.

पुरुषांच्या एका त्रासाबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नाही. इच्छा कमी होणं, वीर्यपतन लांबणं, हे ह्या गोळ्यांनी पुष्कळांना होतं. बायकांनाही होतं. पुरुष मला विचारणार नाहीत, माझ्या नवऱ्यालाही विचारत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात. मग महिन्यानं बायको येते आणि खोकल्याचं औषध घेता घेता सांगते की ह्यांनी गोळ्या सोडल्या, पुन्हा शेतात जाऊन एकटेच बसतात. कारण तिला ठाऊक असतं. मीही विचारत नाही, फक्त एवढं बोलते की ह्या गोळीनं संसारात अडचण आली तर डॉक्टर दुसरी देतात, तसलं न करणारीही असते, लाजू नका म्हणावं. मिर्टाझापिन, बुप्रोपिऑन अशी नावं तिला सांगून काय करणार. ती मान डोलावते. कधी कधी नवरा पुढच्या वेळी नव्या चिठ्ठीसह येतो आणि माझ्याकडं न बघता पैसे मोजतो.

भीती बाळगावीच अशाही गोष्टी आहेत, आणि त्यांना लोक भीत नाहीत. ऊसतोडीहून आलेला माणूस अंगदुखीला ट्रॅमाडॉल मागतो, म्हातारी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक रोज खाते. ट्रॅमाडॉल ह्या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकतं, डायक्लोफिनॅकसारख्या औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साठीपुढच्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हातारं माणूस औषध सुरू केल्यावर एकाएकी गळून गेलं, बरळू लागलं तर तपासून घ्यावं लागतं. मध्येच एखादा काळ अति उत्साहाचा, झोपेवाचून चालण्याचा, पैसे उधळण्याचा गेला असेल तर तो डॉक्टरांना सांगावाच लागतो. तशा माणसाला नुसती ही गोळी दिली तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. आणि पोरांचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली मुलांसाठी आणि पुढं २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ह्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, सुरुवातीच्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात म्हणून. त्याचा अर्थ देऊ नका असा नाही, पहिले आठवडे एकटं सोडू नका असा आहे. शेतकऱ्याच्या घरी मी आणखी एक सांगते. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. हे ऐकताना माणसं एकदम गप्प होतात. आमच्या जिल्ह्यात ते कशासाठी सांगितलं हे विचारावं लागत नाही.

ह्या जिल्ह्यात २०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघरी जाऊन झोप लागते का, जगावंसं वाटतं का असे प्रश्न विचारतात. फोनवर बोलायला १०४ नंबर आहे, २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा आहे, मराठीतून बोलता येतं. दुकानाच्या दारावर मी दोन्ही मोठ्या अक्षरांत लावलेत. जिल्हा रुग्णालयात ह्या गोळ्या फुकट मिळतात, जनऔषधी केंद्रात माझ्यापेक्षा बऱ्याच स्वस्त. तेही सांगते. धंद्याचं नुकसान होतं म्हणून आमच्या ह्यांची कुरकुर असते.

गोळी खरंच काम करते का, हा प्रश्न शिकलेली पोरं विचारतात. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत ५२२ चाचण्या आणि एक लाखावर माणसांची आकडेवारी एकत्र केली होती. तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक माफक होता. मेंदूत ती नेमकं काय करतात ह्यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत. मुळात शोधच अपघातानं लागला. १९५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देत होते, आणि खंगलेली माणसं एकाएकी हसू-बोलू लागली. क्षयाच्या गोळ्या आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहेत. सहा महिने खायच्या, लघवी लाल होते, मळमळतं, तरी संपवायच्या. सवय लागेल का, असं क्षयाच्या गोळीबद्दल अजून एकानंही मला विचारलेलं नाही. नैराश्यातही बरं वाटू लागल्यावर पुढं निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, ते सांगितलं की मात्र लोक हिशेब घालतात की ताईला पाकिटं खपवायचीत.

माझी स्वतःची गोळी आता बंद करायचा विचार चालू आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, सावकाश उतरवू, घाई नको, तुमच्या कामाचा ताण कमी असेल तो काळ निवडा. सोयाबीनची रास होईपर्यंत दुकानात उधारीची गर्दी असते, तेव्हा नको. वेळ अमावस्येच्या सणानंतर बघू असं ठरलंय.

अर्धं पाकीट मागणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. परवा एक तरुण आला, नवीन चिठ्ठी, बरोबर आई. पोरगं गप्प, आईच बोलत होती. मी नेहमीचं सगळं सांगितलं. आईनं शेवटी विचारलं, "पथ्य काय म्हणायचं?"

"दारू नको. आणि मला नाहीतर डॉक्टरला न सांगता बंद करायची नाही."

"खाण्याचं?"

"काही नाही."

"आता वेळ अमावस्या आलीय. आंबील चालंल का? आंबवलेली असती म्हणून विचारलं."

हा प्रश्न येडाबागडा नाही. त्या इप्रोनियाझिडच्या वंशातल्या जुन्या गोळ्यांना आंबवलेल्या, मुरवलेल्या पदार्थांचं खरंच कडक पथ्य असतं, मुरलेल्या चीजनं रक्तदाब भडकतो. ह्या गोळीला ते नाही.

"मावशी, दोन तांबे पाजा," मी म्हटलं. पोरगं पहिल्यांदाच बोललं, "दहा गोळ्या द्या मग."